अडीच किलोचं गाव

कोल्हापूरच्या स्टेशनवर मी जन्मभर एक पाटी वाचत आले आहे, 'कोल्हापूर–गोंदिया'. गाडी रोज दुपारी सुटते. आमच्या गल्लीतली माणसं तिच्यातून मिरजेला जातात, पुण्याला जातात, फार तर शेगावला. पार गोंदियापर्यंत गेलेलं कुणी मला अजून भेटलेलं नाही. आमच्या घरात तर ते गाव म्हणजे लांबपणाचं माप होतं. भाजी आणायला उशीर झाला की आमचे हे विचारायचे, "गोंदियाला गेली होतीस काय?"

तर पन्नाशी उलटल्यावर मी खरंच गेले.

सव्वीस वर्षं मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे. आम्हा काही जणींचा एक गट आहे. साठलेली रजा काढायची, पदरमोड करायची आणि जिथं बाळांसाठी ना यंत्रं आहेत ना तज्ज्ञ, तिथल्या नर्सबायांना हातातलं कसब शिकवून यायचं, एवढाच त्याचा उद्योग. त्या वर्षी एक मैत्रीण नेपाळला निघाली, एक टांझानियाला. माझ्या वाट्याला गोंदिया जिल्हा आला. टांझानियावालीला पिवळ्या तापाची लस टोचली आणि वॉर्डात तिचा निरोप समारंभ झाला. मला सासूबाईंनी एक स्वेटर दिला आणि ज्वारीचं पीठ बरोबर ने म्हणून बजावलं. पीठ मी नेलं नाही, त्याचा पश्चात्ताप तिसऱ्या दिवशी झाला.

सामान मात्र भरपूर होतं. सरावासाठी रबरी बाळ, श्वास देण्याच्या दोन पिशव्या, बाळ तोलायचा डिजिटल काटा आणि माझ्या जावेनं विणलेली साठ टोपडी. रबरी बाळ पिशवीत मावेना म्हणून ते मांडीवर घेऊन बसले. समोरच्या बर्थवरच्या बाईंनी अकोल्यापर्यंत माझ्याकडं फार चमत्कारिक नजरेनं पाहिलं.

गोंदिया

उतरले तेव्हा संध्याकाळ झाली होती. रिक्षावाल्याला मी मराठीत पत्ता विचारला, त्यानं हिंदीत उत्तर दिलं. महाराष्ट्रातच आहोत ना, अशी मला क्षणभर शंका आली. मग मीही हिंदीत शिरले. माझी कोल्हापुरी हिंदी ऐकून त्यानं मान वळवून विचारलं, "आप साउथ से आई हो क्या?" सव्वीस तासांहून जास्त प्रवास करून मी परदेशी ठरले होते, म्हणजे टांझानियावालीची बरोबरी झाली.

गावात भातगिरण्यांतल्या कोंड्याचा वास भरून राहिलेला. खानावळीत बसल्याबरोबर पुढ्यात भाताचा डोंगर आला. पोळी मागितली तेव्हा पोऱ्यानं "मिळेल, पण वेळ लागेल" असं सांगितलं आणि तो दिसेनासा झाला. मी भात खाल्ला. पुढचे दहा दिवस सकाळी, दुपारी, रात्री मी भातच खाल्ला, आणि शेवटी शेवटी भाताच्या तीन जाती नुसत्या वासावरून ओळखायला लागले.

सालेकसा

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं सालेकशाला निघाले. कार्तिकाचे दिवस होते. कापणी संपत आलेली, बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, धानाचे पुंजणे रचलेले, मधूनमधून बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि तिच्यात शिंगाड्याचे वेल. मग एकदम जंगल सुरू होतं, साग, मोह, तेंदू. आमच्याकडं डोळ्यांना उसाच्या भिंतीची सवय. इथं नजर लांबवर जाते आणि झाडांपाशी थांबते.

मला जिथं जायचं होतं त्या गावाचं नाव सांगत नाही. कारण पुढं कळेलच.

तिथल्या उपकेंद्राच्या नर्स प्रमिलाताई मला स्टेशनवर घ्यायला येणार होत्या. उतरून फोन केला तर म्हणाल्या, "म्याडम, मी येऊन राहिली." म्हणजे बाई आधीच येऊन थांबल्या आहेत असं समजून मी प्लॅटफॉर्मची दोन्ही टोकं पालथी घातली, पाण्याच्या टाकीमागंसुद्धा पाहिलं. वीस मिनिटांनी स्कूटीवरून एक ठेंगणी, चपळ, तिशीतली बाई आली आणि मी कुठं फिरत होते म्हणून मलाच रागावली. 'येऊन राहिली' म्हणजे 'येते आहे', हा झाडीबोलीचा पहिला धडा मला असा मिळाला.

धडा मिळाला, पण डोक्यात मुरला नाही. दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सभागृहात अकरा नर्सबाया जमल्या. बाळ जन्मलं आणि रडलं नाही तर पहिल्या मिनिटात काय करायचं, हे मी नाटकासारखं बसवून घेत होते. पुसायचं, मान सरळ करायची, पाठ चोळायची, तरी श्वास नाही घेतला तर तोंडावर मुखवटा धरून पिशवीनं हवा द्यायची. प्रमिलाताईंची पाळी आली. त्यांनी रबरी बाळ पुसलं, चोळलं आणि जाहीर केलं, "लेकरू रडून राहिलं." आमच्याकडं राहिलं म्हणजे राहूनच गेलं. मी झेप घेऊन पिशवी उचलली आणि बाळाच्या तोंडावर दाबायला लागले. सगळ्या जणी माझ्याकडं बघत बसल्या. शेवटी एकीनं हळूच विचारलं, "म्याडम, रडत्या लेकराले कायले दाबून राहिल्या?"

त्यानंतर माझा वचक संपला, पण वर्ग मोकळा झाला. त्यांचे हात फार चांगले होते. आमच्या वॉर्डात नव्या मुलींना मुखवटा धरायला शिकवायचं तर आठवडा जातो. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून रोपं लावणाऱ्या या बायांची बोटं इतकी नेमकी होती की दुपारपर्यंत अकराच्या अकरा जणी रबरी बाळाची छाती बरोबर तेवढीच फुलवत होत्या.

संध्याकाळी शिपायानं निरोप दिला की उद्या वर्ग नको, मंडई आहे. मी म्हटलं, मंडईला असा कितीसा वेळ लागतो? सकाळी लवकर भाजी घ्या आणि दहाला या. त्यावर जे हसू उसळलं ते मी गाव सोडीपर्यंत ओसरलं नाही. या मुलखात दिवाळीनंतर गावोगाव जत्रा भरते, तिला मंडई म्हणतात. पाहुणे येतात, मिठाईची दुकानं लागतात, दिवसा दंडार होते आणि रात्री नाटक. दंडार म्हणजे गाणी आणि सोंगं असलेला खेळ, त्यात बायकांची कामंही पुरुषच करतात. लेकी माहेरी येतात त्या या मंडईला. भाजी तिथं मिळत नाही.

वही

त्याच संध्याकाळची गोष्ट. मी प्रमिलाताईंकडंच राहत होते, उपकेंद्राला लागून त्यांची दोन खोल्यांची जागा. त्यांनी कोचईच्या पानांच्या वड्या केल्या होत्या. आमची अळूवडीच, पण आमच्यात गूळ-चिंच असते आणि इथं मिरचीचं राज्य. मी मोठ्या तोऱ्यात माझी कांदा-लसूण चटणी काढली. त्यांनी बोटभर चाटली आणि छान गोडसर आहे असं सांगितलं. कोल्हापूरच्या इतिहासात असा अपमान झाला नसेल.

जेवण व्हायला अवकाश होता म्हणून मी त्यांच्याकडं जन्माची वही मागितली. कमी वजनाच्या बाळांवर एक धडा घ्यायचा होता, तर गावात अशी बाळं वर्षाला किती होतात ते पाहावं म्हटलं. प्रमिलाताई म्हणाल्या, आमच्याकडं नसतातच. मला कौतुक वाटलं. वही उघडली. पहिलं बाळ अडीच किलो. दुसरं अडीच किलो. तिसरं, चौथं, पाचवं अडीच. एक बाळ दोन किलो सहाशेचं निघालं, तो बहुतेक गावचा पैलवान असावा. मग पुन्हा अडीच, पानभर अडीच.

वाचकांना सांगायला हवं की अडीच किलो ही आमच्या धंद्यातली रेघ आहे. त्याच्या खाली बाळ गेलं की ते कमी वजनाचं. मग वरून विचारणा होते, फेऱ्या वाढतात, खुलासे लागतात. रेघेवर बाळ असलं की कुणी काही विचारत नाही.

मी म्हटलं, "काय हो, हे तर अडीच किलोचं गाव दिसतंय." मला वाटलं त्या हसतील. दिवसभर माझ्या प्रत्येक शब्दाला हसणारी ही बाई मुकाट्यानं उठली आणि चुलीकडं वळली.

माझा स्वभाव असा की कुठं धूळ दिसली की बोट फिरवून बघायचंच. मी त्यांचा भिंतीवर टांगलेला स्प्रिंगचा काटा पाहिला. झोळी रिकामी, तरी काटा तीनशे ग्रॅमवर उभा. मिठाचा एक किलोचा न फोडलेला पुडा झोळीत ठेवला तर वजन आलं एक किलो तीनशे. म्हणजे काटाही बाळांना तीनशे ग्रॅम फुकट वाटत होता. मी हे सांगत असताना प्रमिलाताई माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी मिठाचा पुडा काढून घेतला, जाग्यावर ठेवला आणि पदराला हात पुसले.

"म्याडम, एक लेकरू दाखवाचं हाये तुमाले," त्या म्हणाल्या. "आताच चला."

परवाच घरी झालेलं बाळ. आठवा महिना संपत आला होता, गाडी बोलवायच्या आधीच बाळंतपण झालं. प्रमिलाताई पोहोचल्या तेव्हा काट्यावर एक किलो नऊशे आलं. वहीत त्यांनी लिहिलं अडीच. चालता चालता त्यांनी हे सगळं एका दमात सांगून टाकलं. मी मनातल्या मनात तीनशे वजा केले आणि चालण्याचा वेग वाढवला.

घर चांगलं लिंपलेलं, अंगणात धानाची रास. आतल्या खोलीत सरिता नावाची वीस-एकवीस वर्षांची आई आणि सुपाएवढ्या जागेत गुंडाळलेली मुलगी. तळपाय गार. थर्मामीटर साडेपस्तीस. छातीला लावलं तर चार घोट ओढायची आणि दमून झोपायची. माझ्या काट्यावर एक किलो सहाशे दहा भरली. आमच्या वॉर्डात हिला काचेच्या पेटीत ठेवली असती. इथं आमच्याजवळ पेटी होती ती म्हणजे आई. बाळाला टोपडं, मोजे, लंगोट. बाकी उघडं अंग आईच्या उघड्या छातीवर, पाय बेडकासारखे दुमडलेले, वरून लुगड्याची घट्ट गाठ. दीड तासात पारा साडेछत्तीसच्या वर चढला. वाटी-चमच्यानं आईचंच काढलेलं दूध दर दोन तासांनी पाजायचं ठरवून दिलं.

बाहेर आल्यावर मी सांगितलं, आता आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन करून बाळाला दवाखान्यात न्यायला गाडी मागवायची. प्रमिलाताई अंगणातच बसल्या. त्यांची नोकरी कंत्राटी, अकरा महिन्यांची ऑर्डर, आणि ती पुढच्या महिन्यात संपत होती. घरी दोन मुलं, नवऱ्याचं काम लागलं तर लागलं. गाडी मागवली की वजन सांगावं लागणार, वजन सांगितलं की वही उघडणार. आणि वही सगळी खोटी होती.

मला त्यांची दया आली आणि रागही आला. दोन्ही खरं सांगते. मी म्हटलं, फोन तुम्ही करा. चहा होईपर्यंत वाट बघते, नंतर मी करीन. फार कठोर बोलले, हे मला तेव्हाच कळलं, पण तिकडं मुलगी सोळाशे ग्रॅमची होती.

चहा उकळायच्या आत त्यांनी फोन केला. वजन सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यावर त्या म्हणाल्या, "अडीच लिहिलं हाये, सर." मग बराच वेळ नुसतं ऐकलं. गाडी पाठवतो, आणि पुढच्या बुधवारच्या बैठकीला वही घेऊन या, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं.

गाडी आली आणि रिकामी परत गेली. सरिताच्या सासूबाई दारात उभ्या राहिल्या. छट्टी झाल्याशिवाय बाळ घराबाहेर काढत नाहीत. आमच्याकडं पाचवी पुजतात, इथं छट्टी. दोन्हीकडच्या सटवाईला मी हात जोडले, पण म्हातारी हलली नाही. डॉक्टरांना पुन्हा फोन झाला. बाळाची ऊब टिकून आहे, वाटीनं पिते आहे हे ऐकून त्यांनी दिवसातून दोनदा तपासायला सांगितलं आणि जरा सुस्त वाटली तर छट्टी-बिट्टी न बघता उचलायची, अशी तंबी दिली.

राणी

मंडईच्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नव्हती. जिलेबी, बत्तासे, उकडलेले शिंगाडे, पिपाण्या. मी ढीगभर शिंगाडे खाल्ले आणि आमच्याकडं फक्त उपासाला पीठ मिळतं ते याच काळ्या शिंगवाल्याचं, हे पहिल्यांदा पाहिलं.

पण आमचं चित्त त्या घरात होतं. दुपारी गेलो तर सरिता रडवेली. रात्रभर आणि अर्धा दिवस बाळ छातीवर. पाठ मोडून आलेली, अंघोळ नाही, पोटात अन्न नाही. बाळाला खाली ठेवलं की पाय गार पडत. दुसरी छाती हवी होती. सासूबाई तयार होत्या, पण त्यांना महिनाभराचा खोकला, म्हणून मीच नको म्हटलं. प्रमिलाताईंना सारं गाव सांभाळायचं होतं, मला बाकीचे वर्ग घ्यायचे होते.

"बाप कुठंय?" मी विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी काहीतरी वाह्यात बोलले. बाप्या माणूस छट्टीपर्यंत बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकत नाही, हे लहान पोरालासुद्धा माहीत असतं. शिवाय हेमराज दंडारीत होता. मी पंधरा मिनिटं शास्त्र सांगितलं. म्हातारीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हणून सांगितलं.

तेवढ्यात हेमराजच आला. खेळ सुटल्याबरोबर मुलीची चौकशी करायला धावत आला होता, कपडे न बदलता. तो दंडारीत राणीचं काम करायचा. हिरवं नऊवारी, नाकात नथ, भुवया कोरलेल्या, गालावर लाली. दारात उंबऱ्याबाहेर उभा राहून त्यानं घोगऱ्या आवाजात विचारलं, "माय, पोरगी कशी हाये?"

मी हसू दाबत होते. प्रमिलाताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हेमराजकडं पाहिलं, मग म्हातारीकडं.

"आजी, पाहा तं नीट," त्या म्हणाल्या. "हा बाप्या दिसून राहिला का तुमाले? ही तं राणी हाये."

म्हातारीनं आपल्या लेकाला पायांपासून नथीपर्यंत न्याहाळलं. बराच वेळ न्याहाळलं. मग तोंडाला पदर लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. खोकतेय की काय म्हणून मी पुढं झाले, तर ती हसत होती.

"राणी हाये तं येऊ दे," ती म्हणाली. "पण उद्या धोतरात आला तं मी आत घेनार नाही."

हेमराजला मी आधी विहिरीवर पिटाळला. साबणानं हात कोपरापर्यंत आणि छाती गळ्यापर्यंत घासायला लावली. राणीच्या कामासाठी छातीवरचे केस काढलेलेच होते. चोळीत भरलेले कापडाचे बोळे त्यानं लाजत काढले, आणि त्या रिकाम्या जागेत आम्ही त्याची मुलगी ठेवली. अशी नेमकी बसली की मापानं शिवल्यासारखी. वरून मी लुगड्याचा पदर घट्ट आवळला. हेमराज भिंतीला टेकून हलेनाच. श्वासही जपून घेत होता. नथ काढायचं भान कुणालाच राहिलं नाही. तासाभरानं मी मुलीचा तळपाय धरला, कोमट होता. सरिता न्हाऊन, पोटभर भात खाऊन शेजारच्या खोलीत घोरत होती.

छट्टीपर्यंत तो माणूस रोज लुगडं नेसून आला. मंडई संपली, दंडार संपली, गावातली पोरं मागं लागून शिट्ट्या मारायची. तो सकाळी धान झोडायचा, विहिरीवर अंग घासायचा, नऊवारी नेसायचा आणि आत जाऊन बसायचा. सव्वीस वर्षांत मी पुष्कळ बाप पाहिले. काचेच्या पेटीला हात लावायलासुद्धा घाबरणारे पाहिले. या राणीला मी मनातून नमस्कार केला. छट्टीच्या दिवशी म्हातारीनं स्वतःच त्याला आता धोतर चालेल म्हणून सांगितलं. त्याच दुपारी मुलगी डॉक्टरांना दाखवून आणली. ऊब आणि दूध असंच चालू ठेवा म्हणाले.

मुलीचं वजन आधी घटलं, घटायचंच असतं. मग दोन दिवस जागच्या जागी राहिलं. बुधवारी सकाळी, बैठकीला निघण्याआधी आम्ही तोललं, तर वीस ग्रॅम वाढ होती. वीस ग्रॅम म्हणजे किती, तर दोन-तीन शिंगाडे. प्रमिलाताईंनी काट्यावरचा आकडा दोनदा वाचला आणि स्कूटी सुरू केली.

बैठक

सभागृह तेच, पण रबरी बाळ नव्हतं आणि हसणंही नव्हतं. डॉक्टर नागपूरकडचे, वयानं माझ्या भाच्याएवढे, कामाला वाघ आणि बोलायला फटकळ. एकेकीचं नाव घेऊन वही तपासत होते. प्रमिलाताईंचं नाव आलं. त्या उभ्या राहिल्या.

त्यांनी वही उघडून वाचली नाही. परवानगी न घेताच सांगितलं की त्यांच्या वहीतली वजनं खरी नाहीत, काटाही बिघडलेला आहे, आणि तो बिघडलेला आहे हे त्यांना दोन वर्षांपासून माहीत आहे. सोळाशे ग्रॅमच्या मुलीची नोंद त्यांनी दुरुस्त केली आहे आणि आज तिचं वजन वीस ग्रॅमनं वाढलं आहे.

"पण अडीच काऊन लिहिलं?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज चढलेला होता.

प्रमिलाताईंनी वही मिटलेलीच बाकावर ठेवली.

"सर, मागच्या साली एका लेकराचं मी एक किलो नऊशे लिहिलं, तवा तुमी मले सगळ्यांपुढं उभं ठेवलं," त्या म्हणाल्या. "अडीच लिहिलं का बसू देता."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि हातातच धरून ठेवला. त्यांना ते उभं ठेवणं आठवत होतं की नाही, कोण जाणे. मला वाटतं आठवलं असावं. मग त्यांनी प्रमिलाताईंना बसायला सांगितलं. प्रमिलाताईंची ऑर्डर पुढं वाढली, हे मला नंतर फोनवर कळलं. पण त्या घडीला आम्हा दोघींनाही वाटलं होतं की नोकरी गेली.

त्या बसल्या, आणि त्यांच्या शेजारची नर्सबाई उभी राहिली. तिचं नाव अजून कुणी घेतलंच नव्हतं. तिच्या गावात एक लेकरू आहे म्हणाली, अडीच लिहिलंय पण दोन किलोच्या आत असेल, तिनं हातावर घेऊन पाहिलं होतं. मागच्या रांगेतून आणखी एक उठली. तिच्याकडं दोन होती. डॉक्टर पाठकोऱ्या कागदावर गावांची नावं लिहीत होते.

मग इंदूबाई उठल्या. त्या सगळ्यांत वडील, वर्गात एकदाही न बोललेल्या, पण पिशवी सगळ्यांत सुबक धरणाऱ्या. पेन तयार धरून डॉक्टरांनी गावाचं नाव विचारलं.

"माझ्याकडं आता नाही, सर," इंदूबाई म्हणाल्या. "होतं एक. अडीच लिहिलं म्हणून मी दुसऱ्या खेपेले गेलीच नाही. दिवाळीच्या आधी गेलं ते."

प्रमिलाताई सरकल्या आणि त्यांनी इंदूबाईंना हाताला धरून आपल्या बाकावर घेतलं. डॉक्टरांनी ड्रायव्हरला हाक मारून जीप काढायला सांगितलं. चहा तसाच राहिला.

जीपमध्ये डॉक्टर, मी, प्रमिलाताई आणि त्या दोघी नर्सबाया. निघताना इंदूबाईही चढल्या. ती गावं त्यांच्या हद्दीतली नव्हती, त्यांचं तिथं काही काम नव्हतं, पण उतरा असं कुणी म्हटलं नाही. तिन्ही बाळं तीन गावांत होती. पहिलं ठीक निघालं, दोन किलोच्या जरासं वर. दुसरं अठराशे, त्याला आईसकट जीपमध्ये घेतलं.

तिसऱ्या घरी पोहोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. मी काटा ओसरीवर सपाट ठेवला, प्रमिलाताईंनी बाळ उघडं करून त्यावर ठेवलं आणि आकडा वाचला. जिची वही होती तिचा हात पुढं होईना. इंदूबाईंनी तिच्याकडून वही घेतली, मांडीवर उघडली आणि लिहिलं, एक किलो सातशे वीस. आधी आकड्यात लिहिलं, मग अक्षरांत लिहिलं. वेळ घातली, सही केली आणि शाई वाळेपर्यंत पान दोन्ही हातांनी उघडं धरून बसल्या.